सारखी पट्टी की सारखा न्याय?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या सभेत 'इन्कम टॅक्स' हा विषय कुठून आला, असे काहींच्या मनात आले असेल. विषय कराचा असला तरी त्याची सुरुवात याच विहाराच्या छपराखाली झालेली आहे. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

विहाराच्या स्लॅबला गळती लागली होती तेव्हा आम्हीही समितीवर होतो. बैठकीत ठरले, दर घरामागे एक हजार रुपये वर्गणी. लहान नाही, मोठा नाही, सर्वांना सारखी. समता म्हणजे हीच, असे आम्हीच उठून बोललो आणि टाळ्याही पडल्या. पुढे ज्यांची वर्गणी बाकी, त्यांची नावे फळ्यावर लिहिली. आपल्या वस्तीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. दर पौर्णिमेला सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरणाऱ्या. त्या दोन महिने वंदनेला दिसल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, "भाऊ, माझी वर्गणी राहिलीय ना. फळ्यावर नाव लिवलंय. तोंड कसं दाखवू?"

त्याच गल्लीत साहेबाच्या हुद्द्यावरचे आपलेच एक बांधव राहतात. त्यांनी खिशातून दोन नोटा काढून दिल्या आणि विसरूनही गेले. रक्कम दोघांची सारखीच. पण एकाच्या घरातील चहासुद्धा कमी झाला नाही आणि दुसरीचे विहारात येणे बंद झाले. त्या दिवसापासून आमच्या मनात प्रश्न आहे की, सारखे घेणे म्हणजे न्यायाने घेणे का?

हाच प्रश्न जगभर सरकारांपुढेही आहे. कर घेण्याच्या ढोबळ मानाने तीन रीती आहेत. पहिली, माणशी सारखी रक्कम, आमच्या वर्गणीसारखी. दुसरी, सर्वांना एकच दर, म्हणजे शंभराला समजा दहा. हजार मिळविणारा शंभर देईल, लाख मिळविणारा दहा हजार. तिसरी, चढता दर, म्हणजे मिळकत वाढेल तसा वरच्या भागावर दरही वाढेल.

पहिली रीत जुन्या काळची झाली असे समजू नका. आपल्या महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आहे. पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला २,५०० रुपये. महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुष कामगाराला हा पूर्ण कर लागतो. स्त्रियांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी मिळाली, हे चांगले झाले. आता हिशेब करून बघा. महिना बारा हजारांच्या वॉचमनला २,५०० आणि महिना एक लाख वीस हजारांच्या मॅनेजरलाही २,५००. पहिल्याच्या शंभर रुपयांतून जवळजवळ पावणेदोन रुपये जातात, दुसऱ्याच्या शंभरातून सतरा पैसे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला कमाल मर्यादा घातलेली आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. मर्यादा सर्वांसाठी एकच असल्यामुळे वरच्याकडून जास्त घेताच येत नाही.

बंधू-भगिनींनो, या बाबतीत परमपूज्य बाबासाहेबांनी काय म्हटले ते पाहू. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते, हे आपण जयंतीला सांगतो. पण कोणत्या अर्थशास्त्राचे, हे फारसे सांगत नाही. त्यांचा एक मोठा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आहे, १९२५ साली प्रसिद्ध झालेला. त्याला प्रस्तावना आहे कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची. हेच सेलिग्मन चढत्या कराच्या शास्त्रावर १८९४ साली ग्रंथ लिहिणारे. म्हणजे कर कोणी किती द्यावा, हा प्रश्न बाबासाहेब मुळापासून शिकले होते.

आणि ते ज्ञान त्यांनी कपाटात ठेवले नाही. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, इन्कम टॅक्स ज्याला मिळकत झाली त्यालाच लागतो. ज्या वर्षी कमाई नाही त्या वर्षी कर नाही. पण शेतकऱ्याचे पीक बुडो की पिको, सारा भरावाच लागतो. इन्कम टॅक्स ऐपतीप्रमाणे घेतात. सारा मात्र एक एकरवाल्याला आणि जहागीरदार-इनामदाराला एकाच दराने. हा अन्याय आहे, असे त्यांनी भर सभागृहात सांगितले. महाडचा सत्याग्रह झाला तो याच्या पुढच्याच महिन्यात, हेही ध्यानात घ्या. पाण्याचा हक्क आणि कराचा न्याय, दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकाच वेळी चालू होत्या.

आता आमचे काही सुशिक्षित तरुण काय म्हणतात तेही ऐकले पाहिजे. कंपनीत चांगल्या पगारावर असलेला एक मुलगा आम्हाला म्हणाला, "काका, मी रात्र रात्र जागून शिकलो, जास्त काम करतो, मग मलाच जास्त दराची शिक्षा का? मत सर्वांचे सारखे, मग कराचा दर सारखा का नको?" त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला हसून चालणार नाही.

एकाच दराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे असे. हिशेब सोपा होतो. पळवाटा कमी होतात. दर हलका असला की लोक मिळकत लपवीत नाहीत. यात तथ्य आहे, आपल्या देशाचाच अनुभव आहे. १९७३-७४ साली आपल्याकडे इन्कम टॅक्सचे अकरा टप्पे होते आणि सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभार धरून दर होता ९७.७५ टक्के. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हाती. अशा दराने गरिबाचे भले झाले का? श्रीमंतांनी पैसा दाखविलाच नाही, काळा पैसा वाढला. वांछू समितीने १९७१ सालीच दर खाली आणा असे सुचविले होते. पुढे दर उतरत गेले आणि १९९७-९८ पासून १०, २० आणि ३० असे तीनच राहिले. तेव्हा चढता कर म्हणजे वाटेल तितका चढता, असे आम्ही म्हणणार नाही. शिडी भिंतीला टेकलेली असावी, आभाळाला नाही.

बाहेर देशांतही एकाच दराचा प्रयोग झाला. एस्टोनियाने १९९४ मध्ये तो आणला, तेथे आजही एकच दर आहे. रशियाने २००१ मध्ये सर्वांना १३ टक्के केले आणि वसुली वाढल्याचा गाजावाजा झाला. पण त्याच काळात तेलाचे भाव चढले होते आणि वसुलीही कडक झाली होती. पुढे २०२१ मध्ये रशियानेच मोठ्या मिळकतीवर १५ टक्के लावले आणि २०२५ पासून १३ ते २२ टक्के असे पाच टप्पे केले. स्लोव्हाकियाने २००४ मध्ये १९ टक्क्यांचा एकच दर आणला आणि २०१३ मध्ये वर २५ चा दुसरा टप्पा चढविला. सरकारला पैशाची गरज पडली की शेवटी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जावे लागते, एवढे यातून दिसते.

आणखी एक गोष्ट. एकच दर ठेवूनही खालच्या मिळकतीला माफी दिली, तर तोही कर थोडाफार चढताच होतो. समजा पहिले तीन लाख माफ आणि पुढे सर्वांना दहा टक्के. चार लाखवाला दहा हजार देईल, म्हणजे शंभराला अडीच; तीस लाखवाला दोन लाख सत्तर हजार, म्हणजे शंभराला नऊ. म्हणून भांडण नुसते एक दर की अनेक दर एवढेच नाही. गरिबाच्या भाकरीला हात लागतो की नाही, हे आधी बघावे.

त्या मुलाला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली हिशेबाची. चढता दर सगळ्या पगारावर लागतो, हा मोठा गैरसमज आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत ठरविलेले दर घ्या. सोळा लाख मिळकत असली तर पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर ५ टक्के म्हणजे वीस हजार, त्यापुढच्या चारवर १० टक्के म्हणजे चाळीस हजार, शेवटच्या चारवर १५ टक्के म्हणजे साठ हजार. एकूण एक लाख वीस हजार, वर ४ टक्के उपकर. म्हणजे दर पंधराचा वाटला तरी उपकर सोडून शंभराला साडेसातच पडले. आणि बारा लाखांपर्यंतच्या पगारदाराला सवलतीमुळे काहीच पडत नाही.

दुसरी गोष्ट ऋणाची. तू जागून शिकलास हे खरे. पण तुझ्या वडिलांनी कॉलेज केले ते भारत सरकारच्या स्कॉलरशिपवर. मॅट्रिकनंतरच्या त्या शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ सालची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. तो पैसा आभाळातून पडला नव्हता, कुणाच्या तरी करातून आला होता. आज तू वरच्या टप्प्यात आहेस याचा अर्थ देण्याची पाळी तुझी आली. यात शिक्षा कसली?

आणि 'कर आम्हीच भरतो, बाकीचे फुकट खातात' असे कुणी म्हणू नये. मावशी इन्कम टॅक्स भरत नाहीत, पण तीनशे रुपयांचा रिचार्ज मारला की त्यातले पंचेचाळीस रुपये जीएसटीचे जातात. २०२५ च्या सप्टेंबरात साबण, तेल, टूथपेस्ट पाच टक्क्यांवर आले, हे बरे झाले. पण दुकानात मावशीला आणि मॅनेजरला दर एकच. जो सगळी कमाई पोटावरच खर्च करतो, त्याच्या जवळजवळ सगळ्या कमाईला हा कर शिवतो. दुकानातला कर ऐपत बघत नाही, म्हणूनच मिळकतीवरच्या कराने ती बघितली पाहिजे.

मताचे म्हणाल तर, मत माणसाच्या मोलाचे असते आणि ते मोल सर्वांचे सारखे. कर हे ओझे आहे. घरातले सामान उचलताना आपण पोराच्या डोक्यावर आणि पैलवानाच्या डोक्यावर सारखे पोते देत नाही. राजकारणात समता आली तरी सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील, हा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितला होता. संपत्ती थोड्यांच्या हाती साचून सर्वांचे अहित होऊ नये, असे घटनेचे ३९ वे कलम राज्याला बजावते.

आता आमच्यापैकी एका जाणत्या उपासकाने अडवून विचारले, "बाबासाहेबांनी नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात प्रत्येकाला मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यायला सांगितले. तो तर एकच दर झाला!" प्रश्न बिनतोड आहे. आम्ही पुष्कळ विचार केला. आम्हाला वाटते ते असे. विसावा हिस्सा हे दान आहे. स्वतःच्या प्रतिज्ञेने द्यायचे, शिपाई पाठवून घ्यायचे नाही. दुसरे, त्यांनी रक्कम सांगितली नाही, हिस्सा सांगितला. मावशीचा विसावा आणि साहेबांचा विसावा पैशात फार वेगळे होतात. आम्ही मात्र हजाराची पट्टी लावली. म्हणजे आम्ही बाबासाहेबांच्या दाखल्यापेक्षाही मागे गेलो होतो.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा भगवंतांनी सांगितली आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा होता. देशात चोऱ्या-लुटी माजलेल्या. पुरोहित म्हणाला, महाराज, अशा वेळी नवा कर बसविणे बरोबर नाही. आणि मारून-बांधूनही हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, खजिना वाढला, लोक दारे उघडी टाकून राहू लागले. पुढे प्रजेने धन आणून दिले, तर राजा म्हणाला, धम्माने घेतलेल्या कराने माझ्याजवळ पुरेसे आहे, हे तुम्हीच घेऊन जा. कर धम्माचा असावा म्हणजे काय, ते यात आले. आधी पोट भरण्याचे साधन, मग कर. घेतलेले लोकांच्या कामी लागले पाहिजे. जे न्यायाने मिळाले त्यापुढे हाव नको.

म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. मिळकतीवरचा कर चढताच असावा. टप्पे थोडे, हिशेब सोपा, वरचा दर माणूस चोरीला लागेल इतका नसावा, आणि खालच्याला पुरी माफी असावी. दिल्लीत काय ठरेल ते आपल्या मतपेटीतून ठरेल. पण या विहारात काय ठरेल ते आपल्याच हातात आहे.

विहाराच्या पुढच्या बाजूचे काम निघणार आहे. समितीला आमची विनंती आहे की, दर घरामागे पट्टी बसवू नये. ज्याने त्याने आपली मिळकत आपल्या मनाला विचारावी आणि विसाव्या हिश्श्याची आठवण ठेवून द्यावे. ज्याला जास्त झेपेल त्याने जास्त द्यावे, ज्याला झेपत नाही त्याने श्रमदान करावे. पावती प्रत्येकाला द्यावी, जमाखर्च वर्षाला सभेत वाचावा, पण कुणी किती दिले ते माइकवरून पुकारू नये. आणि तो फळा? तो मुलांच्या अभ्यासवर्गाला देऊन टाकावा.

मावशी आज सभेत पुढे बसलेल्या आहेत, सतरंज्याही त्यांनीच अंथरल्या आहेत. त्यांची त्या वेळची क्षमा आम्ही सर्वांसमक्ष मागतो आणि हे भाषण संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!