मनाची गोळी आणि रक्ताची चाचणी



कोकणातल्या वेळणेश्वरच्या वाड्यांमधून फिरलं की कितीतरी घरांत म्हातारी माणसंच दिसतात. मुलं मुंबईला, नाहीतर चिपळूणला. अशा घरातल्या एखाद्या आजोबांना मनाच्या आजाराच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात. झोप लागते का, चिडचिड होते का, हे सगळे विचारतात. रक्त कधी तपासलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली बरीचशी जातात ती हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह अशा शरीराच्या दुखण्यांनी. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी आजार आवरतो, पण भूक आणि वजन वाढतं, रक्तातली साखर आणि चरबी चढते. त्यात मिश्री, विडी आणि दिवसभर ओटीवर बसून राहणं. या सगळ्याने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की उदासी वाढते, विचार मंदावतात. आपण म्हणतो, वय झालं! मला हे वाक्य फार घातक वाटतं.

रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्लही बघण्याजोगं. बी-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक अॅसिड कमी पडलं की ते साठतं, आणि ते जास्त असलेल्यांत हृदयविकार, पक्षाघात अधिक आढळतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे भागातल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं, ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन वाढलेलं. शाकाहार हे त्याचं मोठं कारण. कोकणात मासळी आहे, पण सगळ्या घरांत ती शिजत नाही, आणि दात गेल्यावर कित्येकांची सुटते. मधुमेहावरची मेटफॉर्मिनही बी-१२ उतरवते. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन खाली येतं; हृदयविकाराचे झटके मात्र त्याने टळल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. तरी बी-१२ ची कमतरता भरून काढायलाच हवी, कारण तिच्यामुळेही विसराळूपणा आणि उदासी येते.

तेव्हा गोळ्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातल्या असोत की खासगी डॉक्टरांच्या, कागद घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा. रक्तदाब, वजन, साखर, चरबी आणि बी-१२ तपासायला सांगा. तीन महिन्यांची सरासरी साखरही विचारा. आणि अहवाल काहीही येवो, मनाची गोळी स्वतःहून बंद करू नका. अडलं तर टेली-मानस या सरकारी मनोआरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं.