घट, तार आणि दिवा



मराठीच्या अध्यापकाने विजेवर बोलावे, हा आगाऊपणाच. परंतु मेजावरील हा टॉर्चमधला दीड व्होल्टचा घट पाहा. बाहेर जस्ताचे भांडे, मध्ये कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगेनीज डायऑक्साइडची काळी भुकटी. आपल्या भरवेलीचे मँगेनीज मुख्यतः पोलादाच्या कामी येते. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गचे मात्र अशा घटांसाठी जाते. तार तांब्याची, आणि तांबे तर आपल्याच मलाजखंडात निघते.

घटाच्या एका टोकापासून निघालेली वाट दिव्यातून दुसऱ्या टोकाला परतली, की परिपथ पूर्ण झाला. ‘परिपथ’ हा शब्द मला आवडतो. त्यात फिरून येणे आहे. ‘दिवा वीज खातो’ ही आपली बोली मात्र फसवी. दिव्यापलीकडे प्रवाह कमी होत असावा, असे मीही कित्येक वर्षे समजत होतो. तो दोन्हीकडे सारखाच असतो. घटातील जस्त झिजते, त्यातून मिळणारी ऊर्जा खर्ची पडते आणि तीच उजेड व उष्णता होऊन बाहेर येते.

मुलांनो, हा प्रयोग घरी जरूर करा, पण घटावरच. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या वाटेला जाऊ नका.

आता कळ दाबायला पुढे कोण येतो?