पुतळ्याच्या आत

पुतळ्यासमोर उभे राहिलो की आपण चेहरा पाहतो. आज जरा आत डोकावू या.

धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार (१९२५–२०२५) यांनी तारुण्यात अजिंठा-वेरूळची जुनी दगडी शिल्पे दुरुस्त केली. पुढे गांधीसागर धरणापाशी ४५ फुटी चंबळमाता त्यांनी काँक्रीटमधून छिन्नीने कोरली. दगड-काँक्रीटात नको ते काढून टाकायचे. ब्राँझची रीत वेगळी : आधी मातीचा नमुना, मग साचा, मग ओतकाम. आत आधाराला सांगाडा.

मालवणच्या राजकोटावरील शिवछत्रपतींचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा व सदोष वेल्डिंग ही कारणे पुढे आली. खारी हवा लोखंडाला कशी खाते, हे आपल्या किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको! मे २०२५ मध्ये तेथे ६० फुटी ब्राँझचा नवा पुतळा आला, सुतार पितापुत्रांनी घडविलेला. आत आधार स्टेनलेस स्टीलचा.

गुरुजी, बाई, मुलांकडून काड्यांचा सांगाडा बांधवून त्यावर कागदाच्या लगद्याची मूर्ती करवा. एक सांगाडा घट्ट, एक मुद्दाम ढिला. वाळल्यावर कोणती कलते, ते मुलांनाच सांगू द्या.