मोठेपणी दातांना तार



आजचा विषय ऐकून काही जण मनाशी म्हणाले असतील, "तार लावणे हा पोराबाळांचा विषय, चाळिशीत त्याचे काय?" त्याला उत्तर असे की, दात सरकण्याला वयाची अट नाही. अट आहे ती हिरडी व हाड निरोगी असण्याची, आणि आरंभलेले काम शेवटास नेण्याची.

दात हा खिळ्यासारखा हाडात ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूला नवे भरते. आपली गोदावरी एक काठ कापते आणि दुसऱ्या काठाला गाळ टाकते, तसेच हे. मात्र वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून दीड ते दोन वर्षे, कधी अधिकही लागतात. मोठेपणी जबड्याची वाढ संपलेली असते. म्हणून जबडाच मागेपुढे असेल तर केवळ तारेने भागत नाही. काहींना शस्त्रक्रियाही लागते.

प्रथम क्ष-किरण चित्रे व दातांचे माप घेतात. कीड भरून, कीटण काढून हिरड्या बऱ्या झाल्याखेरीज तार बसवू नये. सुजलेल्या हिरडीत दात ओढला तर तो ढिला होतो. मधुमेह असल्यास, किंवा हाडे ठिसूळ होण्यावर औषध चालू असल्यास, ते आधीच सांगावे. दाटी फार असेल तर जागेसाठी उपदाढा काढाव्या लागतात.

प्रत्यक्ष बसविण्याच्या दिवशी सुई नाही, चीरफाड नाही. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखविले की, आम्लाने दाताचा पृष्ठभाग किंचित खरबरीत केला की त्यावर चिकटद्रव्य घट्ट धरते. त्याच आधारे आज दातांवर बारीक खुंट्या चिकटवून त्यांतून तार ओवतात. आपल्या नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्या पाण्याने डागाळलेल्या दातांवर खुंटी सुटण्याचा संभव अधिक. तेव्हा लहानपणचे गाव कोणते, हेही डॉक्टरांना सांगावे.

दुखणे सुरू होते ते काही तासांनी. दोन-तीन दिवस ठणका राहतो, आठवड्यात ओसरतो. तेवढे दिवस भाकरी दुधात कुस्करून खावी. तार गालाला टोचली तर त्यावर मेण लावावे. ऊस दाताने सोलणे, चिक्की व सुपारी बंद. तंबाखू तर हिरडीची वैरीणच. प्रत्येक जेवणानंतर खुंट्यांभोवती ब्रश फिरविला नाही, तर तार निघेल त्या दिवशी सरळ दातांवर पांढरे डाग दिसतील.

खरी कसोटी पुढे आहे. दर चार-सहा आठवड्यांनी तपासणीस जावे लागते. सुगीत, लग्नसराईत फेरी चुकते. मग तार तोंडात तशीच राहते. देखरेखीवाचून राहिलेली तार दात भलतीकडे नेऊ शकते, खुंटीभोवती कीड धरते. म्हणून सर्व खर्च व फेऱ्यांचा हिशेब आधी विचारावा. झेपत नसेल तर आरंभ न करणे बरे.

आणि तार निघाली म्हणजे सारे संपले असेही नव्हे. दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. त्यांना धरून ठेवणारी पट्टी रात्री वर्षानुवर्षे वापरावी लागते. हा नेम पाळण्याची ज्याची तयारी आहे, त्याने "या वयात लोक काय म्हणतील?" हा विचार खुशाल सोडून द्यावा.