कॅमेरा आहे, पेट्रोल नाही



मी पायदळात ३४ वर्षं काढली आणि कर्नल म्हणून निवृत्त झालो. सध्या महूला राहतो. आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. ती साठ हजार रुपयांची होती, पण तिची किंमत त्याहून जास्त पडली.

आमच्याकडे माळव्यात पावसाळ्यात तणमोर येतो. इथले लोक त्याला खरमोर म्हणतात. कोंबडीएवढा पक्षी. विणीच्या दिवसांत नर गवतातून वर उडी मारतो, पुन्हा खाली बसतो, पुन्हा उडी मारतो. दिवसातून शेकडो वेळा. रतलामजवळच्या सैलाना इथं १९८३ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. तरीही २०२१ पासून आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. कारण सोपं आहे. कुरणं नांगरली गेली, तिथं सोयाबीन आलं. जे गवत उरलं, ते अंडी उबवून होण्याआधीच कापलं जातं.

आम्ही पाच निवृत्त मित्रांनी पेन्शनमधून साठ हजार जमवले. तणमोरासाठी काम करणारी तीन-चार पोरं आम्हाला माहीत होती. 'काय हवं?' असं मी त्यांना विचारलंच नाही. मी ठरवलं. दोन चांगले कॅमेरे आणि एक दुर्बीण घेतली, त्यावर आमच्या नावांची पट्टी चिकटवली, फोटो काढला आणि घरी आलो.

सप्टेंबरमध्ये बघायला गेलो, तर कॅमेरे कपाटात होते, खोक्यासकट. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यातला सगळ्यात लहान मुलगा खाली बघून म्हणाला, "सर, कैमरा तो है, पेट्रोल नहीं है."

गावं चाळीस-पन्नास किलोमीटरवर. शेतकऱ्याला भेटायला, 'दादा, एवढं गवत महिनाभर ठेवा' म्हणायला, मोटारसायकलनं जावं लागतं. ते त्या वर्षी कुणी गेलंच नाही. ज्या माळावर जुलैत त्यांनी नर बघितला होता, तो माळ आम्ही पोचलो तेव्हा साफ कापलेला होता.

मी आयुष्यभर कनिष्ठ अधिकाऱ्यांना शिकवलं, की चौकीला दारूगोळा पाठवाल आणि रसद पाठवणार नाही, तर चौकी पडेल. आणि स्वतः नेमकं तेच केलं होतं.

मग मी शोधायला लागलो, की थोड्या पैशात हे काम नीट कुणी केलंय. उत्तर आसाममध्ये सापडलं. तिथं मी नोकरी केली होती, त्यामुळे आणखी लाज वाटली.

गुवाहाटीच्या कचरा डेपोवर मी हाडगिला पाहिला होता. पाच फुटी करकोचा, डोक्यावर पिसं नाहीत, गळ्याला पिशवी लोंबतेय. हाडगिला म्हणजे हाड गिळणारा. मराठी माणसाला अर्थ सांगावा लागत नाही. मी नाक दाबून जीप पुढे घेतली. दुसरा विचार केला नाही.

तिथल्याच डॉ. पूर्णिमादेवी बर्मन यांनी केला. कामरूप जिल्ह्यात दादरा, पाचरिया या गावांत हाडगिला लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर घरटी करतो. खाली घाण पडते, सडलेल्या मांसाचा वास येतो. म्हणून एकानं झाड तोडलं आणि पिल्लं खाली पडली. जाब विचारायला गेलेल्या पूर्णिमाताईंना लोकांनी हसून घालवलं. त्यांनी पीएच.डी. काही वर्षं बाजूला ठेवली आणि त्या गावांतल्या बायकांकडे गेल्या.

पैसा कशावर खर्च झाला ते बघा. बायकांच्या बैठका आणि स्वयंपाकाच्या स्पर्धा. पिल्लं पडून मरू नयेत म्हणून झाडाखाली जाळ्या. हातमाग आणि सूत, त्यावर हाडगिलाचं चित्र विणलेले गामोसे आणि साड्या. घरट्यांच्या हंगामात पक्षिणीचं चक्क डोहाळजेवण! ज्या घराला झाडाची लाज वाटत होती, त्याला त्याचा अभिमान वाटू लागला. या बायका स्वतःला 'हाडगिला आर्मी' म्हणवतात, आणि आज त्या दहा हजारांहून जास्त आहेत. २०१० मध्ये त्या गावांत २८ घरटी होती, २०२२ पर्यंत ती अडीचशेच्या वर गेली. २०२३ मध्ये हा पक्षी आययूसीएनच्या 'संकटग्रस्त' गटातून बाहेर आला.

यात कुठलंही मोठं यंत्र नाही. माणसं आहेत, आणि ती माणसं वर्षानुवर्षं तिथंच आहेत.

त्यानंतर आम्ही पाच जणांनी तीन नियम केले. पहिला, वस्तू विकत घेऊन द्यायची नाही. पेट्रोल, मानधन, औषध, फोनचं रिचार्ज, जे लागेल त्याला पैसे द्यायचे. दुसरा, एकदाच साठ हजार देण्यापेक्षा तीन वर्षं दर महिन्याला थोडे द्यायचे, कारण पक्षी दर पावसाळ्यात येतो. तिसरा, हिशेब मागायचा, पण वाईट बातमी सांगितली म्हणून पैसे थांबवायचे नाहीत. नाहीतर पोरं खोटं लिहायला शिकतात. हे मी फौजेतही पाहिलंय.

आता तीच पोरं शेतकऱ्यांकडे जातात. गवत उशिरा कापलं की ते राठ होतं, भाव उतरतो. तो फरक आम्ही देतो. फार मोठी रक्कम नसते ती. आमच्यापैकी एकजण मोठ्या कंपनीत सल्लागार आहे. कायद्यानं अशा कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात आणि वन्यजीव त्यात बसतात. त्याच्याकडेही आमचा तगादा चालू आहे.

यश मिळालं असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी ज्या पाच माळांसाठी आम्ही पैसे दिले, त्यातले दोन तरीही कापले गेले. पण एका सकाळी, लांब बांधावर बसून, मी एक नर बघितला. गवतातून वर आला, क्षणभर दिसला, खाली गेला. मी मोजत बसलो. सत्तावीसपर्यंत मोजलं, मग चष्मा ओला झाला.

कुठला माळ, ते विचारू नका. तेवढं गुपित राहू द्या.

तुमच्या जिल्ह्यातही असा एखादा प्राणी असेल, आणि त्याच्यामागे धावणारं एखादं पोरही. त्याला उद्या फोन करा. काय देऊ ते सांगू नका. काय लागतं ते विचारा.

जय हिंद.