पावतीपुस्तकातला फुटबॉल



नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी सातला घराबाहेर पडायलाही हिंमत लागते. तरी तुम्ही फुटबॉलच्या खर्चासारखा विषय ऐकायला आलात, म्हणजे तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी खेळणारं पोर असणार. त्यामुळे प्रस्तावना करत नाही, थेट बिलच वाचतो.

बारा वर्षांचा मुलगा आहे, बरा खेळतो, कोच सर म्हणालेत की ‘याच्यात दम आहे’. अकादमीची फी तिमाही, आगाऊ. प्रवेशाचे वेगळे. किट अकादमीचंच घ्यायचं: दोन जर्सी, ट्रॅकसूट, बॅग, सगळ्यांवर लोगो, म्हणजे सीताबर्डीत स्वस्तात मिळतं म्हणून भागत नाही. शिनगार्ड, मोजे. स्टडचे दोन जोड, कारण टर्फवर एक चालतो आणि मातीवर दुसरा. आणि या वयात पाय इतका भराभर वाढतो की जोड झिजायच्या आधीच आखूड होतो. मग स्पर्धेची एन्ट्री. मग पुण्या-मुंबईची टूर: भाडं, राहणं, जेवण, शिवाय सरांच्या तिकिटाचा वाटा. सोबत बाप गेला तर त्याची रजा बुडाली, ती कोणत्याच पावतीवर येत नाही. महिन्याला दोन हजार फी धरली तर वर्षाचे चोवीस हजार झाले. पण या बिलात फी हाच सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे. तो आधी कळतो तरी. बाकीचं व्हॉट्सॲपवर रात्री साडेनऊला येतं: ‘कृपया उद्यापर्यंत जमा करावे.’

हे महाग आहे एवढंच सांगायचं असतं तर व्याख्यानाची गरज नव्हती, तुम्हीच मला ते सांगितलं असतं. माझं म्हणणं असं आहे की पोर घडवायला पैसा पूर्वीही लागायचाच. फक्त तो भरणारा बदलला.

कामठी आठवा. छावणीचं गाव, आणि फुटबॉलचं वेड तिथं घरोघर. कामठीचा रब्बानी क्लब, इकडे नागपुरात यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं इथल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं ऐकली. अशा क्लबांचा खर्च मोहल्ल्यातला कुणी व्यापारी, कुणी जुना खेळाडू, कुणी ठेकेदार उचलायचा. त्याला त्यात मान मिळायचा, क्लब जिंकला की मिरवायला मिळायचं. मोतीबागेच्या मैदानामागे रेल्वे उभी होती. तिला संघ हवा होता आणि खेळाडूला नोकरी. कोल्हापुरात तर आजही पाटाकडील तालीम काय, खंडोबा तालीम काय, पेठच संघ पोसते. या व्यवस्था फार गोजिऱ्या होत्या असं नाही. वशिले होते, भांडणं होती, आणि मुलींना तिथं जागाच नव्हती. पण पोराच्या बापापुढे पावतीपुस्तक घेऊन कुणी येत नव्हतं.

याच शहरानं जगाला दुसरं टोकही दाखवलं. 2001 साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, बोखाऱ्यात केंद्र झालं, पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. नागराज मंजुळे यांचा 2022 चा ‘झुंड’ तुम्ही पाहिलाच असेल. (बच्चनसाहेबांसाठी गेला असाल, हरकत नाही.) त्या गोष्टीतून आपण सोयीचा अर्थ मात्र चटकन काढतो: जिद्द असली की झालं, पैसा कशाला? ती पोरं बारसे सरांना दिसली, हा योगायोग आहे. ज्यांना असे सर भेटले नाहीत, त्यांची जिद्द काही कमी नव्हती.

बादलीवर खेळ फुकट होतो, हे खरं. स्पर्धात्मक फुटबॉल महागतो तो तीन गोष्टींनी: जागा, सामने आणि प्रवास. शाळेचं मैदान संध्याकाळी कुलपात, म्हणून टर्फ तासावर भाड्यानं. जवळपास पुरेसे सामने नाहीत, म्हणून टूर. आणि टूर म्हणजे काय? नागपूर ते मुंबई रेल्वेनं 837 किलोमीटर. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतःची संघटना आहे, विदर्भ क्रिकेट असोसिएशन, म्हणजे व्हीसीए. व्हीसीएच्या वयोगटाच्या संघात पोर निवडलं गेलं की पुढचा प्रवास संघटनेच्या खर्चानं. त्या यंत्रणेतून विदर्भानं तीनदा रणजी जिंकली. फुटबॉलमध्ये आपण वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली, आणि ते छत्र मुंबईला. वांद्र्याचं पोर लोकलनं ट्रायलला जातं, आपलं पोर रात्रभराच्या गाडीनं, आणि दोघांना खेळायला मिळतात तीच वीस मिनिटं. त्यात मार्च 2020 मध्ये कोरोनाचं कारण देऊन रेल्वेनं बहुतेक सवलती गोठवल्या, त्यात खेळाडूंचीही गेली.

अमेरिकेत आपली कितीतरी माणसं आहेत. त्यांना विचारा. पालकांच्या खिशावर चालणारा हा धंदा तिथं पुरता मुरला आहे. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार 2024 मध्ये तिथल्या कुटुंबानं मुलाच्या एका मुख्य खेळावर सरासरी 1,016 डॉलर घातले. 2019 पेक्षा 46 टक्के जास्त. एवढा श्रीमंत देश, आणि तिथंही तक्रार हीच, की सॉकर उपनगरातल्या पैसेवाल्यांचा खेळ झाला. उलट आइसलँड पाहा. आख्ख्या देशाची वस्ती आपल्या नागपूरच्या एखाद्या कोपऱ्यात मावेल. तिथं नगरपालिकांनी बंदिस्त मैदानं बांधली, शिकलेले कोच लहान पोरांना दिले, आणि 2016 च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला घरी पाठवलं. पालक तिथंही फी देतात, पण मैदान शहराचं असतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेली नसते. फिफाच्या नियमानुसार खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला, की बदलीच्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची भरपाई असते, ती निराळी. नियमामागचा विचार सरळ आहे: क्लबानं पोरावर खर्च केला, त्याची परतफेड क्लबाला. पण जिथं तो खर्च बापानं केलाय, तिथं? परतफेड तरीही क्लबालाच. म्हणजे जोखीम तुमची, नफा त्यांचा. सराफ्यात असा सौदा कुणी केला तर आपण त्याला वेड्यात काढू.

कुणी म्हणेल, असतील महागड्या अकादम्या, पण खेळाडू तिथूनच निघतात ना? 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला देश खेळला. त्या संघातला कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा. सिक्कीमच्या कोमल थाटलचे आईवडील शिवणकाम करायचे. अनिकेत पुण्याच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत वाढला. त्याच्या वडिलांना रिक्षाच्या कमाईतून तिमाही फी भरावी लागली असती, तर ते नाव आपल्या कानावर आलं असतं का, याचा विचार करा.

अकादम्या बंद करा असं मी म्हणत नाही. कोचला पगार हवा, आणि आपल्याकडे तो इतका तुटपुंजा आहे की चांगला खेळाडू कोच व्हायलाच तयार होत नाही. पण पालकांनी पैसे कशाचे मोजायचे, हे पाहावं. दहावीच्या क्लाससारखं शिकवणीचे तास मोजून फुटबॉलपटू होत नाही. सामने खेळून होतो. नागपूर, कामठी, वर्धा, भंडारा, चंद्रपूर एवढ्या टापूत तेरा वर्षांखालच्यांची लीग दर रविवारी चालली, तर मुंबईच्या निम्म्या टूर आपोआप गळतील. सकाळी निघून रात्री घरी. डबा घरचा. महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी दोन तास उघडायला कोणता निधी लागतो, तो मला अजून समजलेला नाही. किल्ली चौकीदाराकडेच असते. आणि मुलींसाठी तर घराजवळचं मैदान हाच सगळा प्रश्न आहे. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला तिचा क्लास सुटतो, कारण तिला न्यायला-आणायलाही कुणीतरी लागतं.

जून जवळ आला, प्रवेश सुरू होतील. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. वर्षात माझ्या पोराला किती सामने मिळतील, आणि त्यात तो मैदानात किती वेळ असेल? टूरचा हिशेब लेखी मिळेल का? त्याची नोंदणी कुणाच्या नावानं होणार, आणि सोडून जायचं ठरलं तर किती दिवसांत मोकळा कराल? या प्रश्नांवर जी अकादमी चिडेल, तिचं नाव मला सांगू नका. एकमेकांना सांगा.