बँक बुडते तेव्हा वाचवायचं कुणाला?

(मदिनत सुलतान काबूस येथे मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



बटाटेवडे झाल्यावरही बँकांविषयी ऐकायला थांबलात, त्याबद्दल आधी आभार! मी अर्थतज्ज्ञ नाही, साधा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पण पगार झाला की तुमच्यासारखाच रियालचा दर बघून पैसे घरी पाठवतो. ते ज्या बँकेत जातात ती बुडाली तर काय, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकन सरकारने बँकांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. कारण काय, तर या बुडाल्या तर सगळेच बुडतील. त्यात तथ्य होतं. पण एआयजी ही विमा कंपनी सरकारी पैशावर तगली आणि मार्च २००९ मध्ये तिथे साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटले गेले! नफा झाला तर साहेबांचा आणि तोटा झाला तर करदात्यांचा, हा कुठला न्याय?

आता आपल्याकडचं बघू. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते. मुंबईतले पेन्शनर, छोटे दुकानदार, हाउसिंग सोसायट्या, सगळे अडकले. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला साडेसहा हजार कोटींच्या आसपास कर्ज दिलं होतं. ते झाकण्यासाठी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या माहितीत २१ हजारांवर बनावट खाती दाखवल्याचा आरोप झाला. संगणकाला काय, भराल ते तो दाखवणार!

पुढे ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल ओतलं आणि १८ मार्चला निर्बंध उठलेसुद्धा. पीएमसीची मर्यादा हळूहळू लाखापर्यंत वाढली, पण तोडगा निघाला जानेवारी २०२२ मध्ये. ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरची रक्कम मिळायला मात्र काहींना दहा वर्षांपर्यंतची मुदत!

कुणी विचारेल, मग येस बँक बुडू द्यायची होती का? अजिबात नाही. तिथेही सामान्यांचेच पैसे होते. माझं म्हणणं एवढंच, की तीच घाई लहान बँकेच्या खातेदारासाठी का नाही?

माझ्या आत्याने भाजी विकून साठवलेले पैसे गावच्या एका पतसंस्थेत ठेवले होते. ती बुडाली. "दिवाळीनंतर या" असं ऐकत तिच्या चार दिवाळ्या गेल्या. सरकार धावून आलं नाही, कारण ती पतसंस्था बुडाल्याने कुठला शेअर बाजार कोसळणार नव्हता. कोसळली फक्त आत्या.

म्हणून सरकार 'बँक वाचवली' म्हणालं की मी विचारतो, बँकेतलं कोण वाचलं? ठेवीदाराला जरूर वाचवा. ज्यांनी बेफाम कर्जं वाटली, त्यांना आधी झळ लागू द्या. नाहीतर पुढच्या वेळी ते आणखी बेफाम होतील.

तोवर आपण आपलं बघायचं. ठेवींचा विमा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाला. २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आल्यास तो ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. पण तो एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, व्याज धरून आहे. आणि पतसंस्थेला हा विमाच नाही! या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईबाबांची पासबुकं एकदा काढून बघा. फराळ नंतरही होईल.

शुभ दीपावली!